जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क : बसविण्यापूर्वी, बसविताना आणि बसविल्यानंतर

लहान धंद्यात एकदा घेतलेला कॉम्प्युटर सहसा टाकून दिला जात नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यातील छापखाने, फोटो स्टुडिओ, फ्लेक्सची दुकाने, वजनकाटे, गॅरेज आणि आडत दुकाने पाहिली तर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मशिने आजही इमानेइतबारे काम करताना दिसतात. त्याला कारणेही आहेत. वजनकाट्याची वायर जुन्या सिरीयल पोर्टलाच लागते. अक्षरजुळणीच्या जुन्या प्रोग्रॅमचे कुलूप, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला बसते. खोदकामाच्या किंवा भरतकामाच्या मशीनला एकच ठरावीक प्रोग्रॅम चालतो आणि तो नव्या विंडोजवर उघडत नाही. अशा वेळी कॉम्प्युटर बदलणे म्हणजे सगळा धंदाच नव्याने मांडणे होय.

पण काम वाढते आणि जागा संपते. मग व्यापारी बंधू दुकानात जाऊन सर्वांत मोठी हार्ड डिस्क मागतात. एक-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पुढची दहा वर्षे चिंता नको, असा हिशेब असतो. हिशेब बरोबर वाटतो, परंतु त्यात एक खोच आहे. दुकानात मिळणारी सर्व जागा जुन्या कॉम्प्युटरला दिसेलच असे नाही, आणि दिसली म्हणजे ती सुरक्षित आहे असेही नाही. काही वेळा डिस्क नीट चालते, महिने जातात, आणि एके दिवशी उधारीची खाती, डिझाइन, बिले सगळे एकदम नाहीसे होते. हे का घडते आणि ते कसे टाळावे, हे या लेखात पाहू.

किती जागा हवी, ते आधी मोजा

खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न असा की, या मशीनवर प्रत्यक्षात काम कोणते चालते? या बाबतीत आपल्याच राज्यातील एक उदाहरण बोलके आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागात वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रे उघडली गेली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधन विभागाने त्यांची पाहणी केली, तेव्हा ही केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशेब पाहण्यासाठीच वापरली जात असल्याचे आढळले. म्हणून सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो चालला. कामाचे माप आधी घ्यावे आणि सामान त्या मापाने आणावे, एवढाच यातला बोध.

आपल्या धंद्याला हे माप असे लावता येईल :

हिशेब व बिले : किराणा, हार्डवेअर किंवा आडत दुकानाची अनेक वर्षांची खाती सहसा एक-दोन जीबीत मावतात. अशा दुकानाला मोठ्या डिस्कची गरज नसते. त्याला दुसऱ्या प्रतीची गरज असते.

फ्लेक्स व बोर्ड : २० फूट बाय १० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयने चार रंगांत तयार केला तर त्याची उघडी फाइल सुमारे ६०० एमबीची होते. लेअर ठेवले तर त्याच्या दुपटी-चौपटीने वाढते. ईद, उरूस, निवडणूक, वाढदिवस यांच्या हंगामात महिन्याला शंभर बॅनर झाले तर साध्या फाइलीच ६० जीबी होतात.

फोटो व शूटिंग : निकाह-वलीम्याचे तीन हजार फोटो प्रत्येकी १० एमबी धरले तर ३० जीबी होतात. फुल एचडी शूटिंग चांगल्या दर्जात ताशी सुमारे ११ जीबी घेते. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर एका कार्यक्रमाचे ८८ जीबी झाले.

म्हणजे हिशेबाच्या दुकानाला १६० जीबीची चांगली डिस्कही पुरून उरते, स्टुडिओला मात्र १ किंवा २ टीबी लागते. आपण यातले कोण, हे ठरवूनच पुढे जावे.

वाटेतल्या भिंती

हार्ड डिस्कवरील जागा ५१२ बाइटच्या छोट्या खणांत विभागलेली असते आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. कॉम्प्युटर खणाच्या नंबरावरून माल ठेवतो आणि काढतो. जुन्या मशिनांत हा नंबर लिहायला जागाच कमी ठेवलेली होती, कारण त्या काळी एवढ्या मोठ्या डिस्का होतील असे कोणाला वाटले नव्हते. त्यामुळे वेळोवेळी पुढील भिंती उभ्या राहिल्या :

१) ५२८ एमबी : सुमारे १९९४ पूर्वीची मशिने.

२) २.१ जीबी : त्यानंतरचे काही बायोस. जुन्या डॉसची आणि पहिल्या विंडोज ९५ ची एका पार्टिशनची मर्यादाही २ जीबीच होती.

३) ८.४ जीबी : सुमारे १९९८ पर्यंतची मशिने.

४) ३३.८ जीबी : १९९९ च्या सुमाराचे काही बायोस. यापेक्षा मोठी डिस्क लावली की मशीन सुरू होतानाच अडकते. म्हणूनच काही आयडीई डिस्कांवर ‘३२ जीबीच दाखव’ असा जंपर दिलेला असे.

५) १३७ जीबी : सुमारे २००२ पर्यंतचे बरेच बोर्ड आणि त्या वेळचे विंडोज.

६) २.२ टीबी : यूईएफआय येण्यापूर्वीचे बोर्ड आणि एमबीआर पद्धतीची पार्टिशन.

पहिल्या चार भिंती आता संग्रहालयातच सापडतील. आपला संबंध येतो तो शेवटच्या दोन भिंतींशी.

१३७ जीबीची भिंत सर्वांत धोक्याची आहे. ती समजायला मोटारसायकलचा किलोमीटर काटा आठवा. पाच आकडी काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. जुन्या पद्धतीत खणाचा नंबर २८ बिटांत लिहिला जाई. १३७ जीबी भरले की हा काटाही शून्यावर जातो. आता तुम्ही नवी फाइल ठेवली तर ती १३७ जीबीच्या पुढे न जाता डिस्कच्या सुरुवातीला लिहिली जाण्याची भीती असते, आणि सुरुवातीला तर साऱ्या डिस्कची अनुक्रमणिका असते. दुकानात माल आहे, पण कोणत्या फळीवर काय आहे ते सांगणारी वही फाटली, अशी ही अवस्था होते.

समजा, इंदापुरातील एका फ्लेक्सवाल्याने जुन्या एक्सपीच्या मशीनला ३२० जीबीची डिस्क लावली. पहिले चार-सहा महिने शंभर-सव्वाशे जीबीच भरले, म्हणून सर्व काही उत्तम चालले. हंगामात काम वाढले, १३७ जीबीची रेषा ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच झाले नाही. तो म्हणेल की डिस्क खराब निघाली. डिस्कचा दोष नव्हता. दोष पहिल्या दिवशी न केलेल्या तपासणीचा होता.

या भिंतीतून पार जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात : बायोसला मोठी डिस्क कळली पाहिजे आणि विंडोजलाही. विंडोज एक्सपीला ही समज २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आली. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ आणि शिवाय रजिस्ट्रीतील एक नोंद लागते. विंडोज ९८ ला स्वतःहून ती समज नाही, त्यामुळे तेथे १२० जीबीच्या पुढे जाऊच नये. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे बटन दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की सर्व्हिस पॅक कोणता ते कळते. व्हिस्टा, विंडोज ७ आणि त्यापुढे ही अडचण नाही.

२.२ टीबीच्या भिंतीची खूण वेगळी आहे. ३ टीबीची डिस्क लावली आणि कॉम्प्युटरने ७४६ जीबी दाखविली, तर समजावे की काटा फिरला. अशा डिस्कवर एकही कामाची फाइल ठेवू नये. बोर्ड जुना असेल पण विंडोज ७ किंवा पुढचे असेल, तर मोठी डिस्क जीपीटी पद्धतीने केवळ साठवणीसाठी वापरता येते. तिच्यावरून विंडोज सुरू करायचे तर यूईएफआयचा बोर्ड लागतो. नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही. सबब एक्सपीच्या मशीनला आत बसवायची डिस्क २ टीबीपर्यंतच घ्यावी.

मापाचा फरक, फसवणूक नव्हे

डिस्क बनविणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. त्यामुळे १६० जीबीची डिस्क १४९, ५०० ची ४६५, १ टीबीची ९३१ आणि २ टीबीची १,८६३ जीबी दिसते. हा दोन मापांतला फरक आहे, दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र १६० किंवा ३२० जीबीच्या डिस्कवर एकूण जागा १२८ जीबीच्या आसपास दिसली, तर ती भिंत आहे. तेथे थांबावे.

खरेदी करताना

कॅबिनेट उघडून आधी केबल पाहावी. रुंद चपट्या पट्टीची ४० पिनांची केबल असेल तर डिस्क आयडीई आहे. बोटाएवढी अरुंद केबल असेल तर साटा.

आयडीई डिस्का आता नव्या तयार होत नाहीत. बाजारात मिळतात त्या वापरलेल्या किंवा गोदामात पडून राहिलेल्या. म्हणून साटा डिस्क आणि मध्ये आयडीई-साटा अॅडॅप्टर, किंवा पीसीआय खाचेत बसणारे साटा कार्ड, हा मार्ग बरा. कार्डाचा फायदा असा की त्याला स्वतःचा बायोस असतो, त्यामुळे बोर्डाची १३७ जीबीची भिंत बऱ्याचदा आड येत नाही. मात्र कार्डाचा ड्रायव्हर आपल्या विंडोजसाठी मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

२००३ ते २००५ च्या काही साटा बोर्डांना नव्या वेगाची डिस्क ओळखताच येत नाही. काही डिस्कांवर वेग १.५ वर आणण्याचा जंपर असतो, तो लावला की डिस्क दिसू लागते. ‘दिसत नाही, म्हणजे खराब’ असे ठरवून परत करण्यापूर्वी हे पाहावे.

वापरलेली डिस्क घेणे गैर नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये ती किती तास चालली आणि किती खण बाद झाले हे दिसते. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल तर हिशेबासाठी ती डिस्क घेऊ नये. तासांच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्का, चालल्याचे तास शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. माल पुण्याहून आणा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पक्के बिल आणि सिरीयल नंबरची नोंद घ्यावी. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी शिल्लक आहे की नाही ते कळते.

बसविण्याची रीत

१) आधी कागद-पेन. बोर्डाचे नाव, बायोसची तारीख, विंडोज व सर्व्हिस पॅक, जुन्या डिस्कचे माप, सी-डी-ई ड्राइव्हवर काय आहे, आणि कोणत्या प्रोग्रॅमचे लायसन्स कसे आहे, हे लिहून काढावे. टॅलीसारख्या प्रोग्रॅमचे लायसन्स मशीनशी बांधलेले असते. ते आधी ‘सरेंडर’ करून नंतर नव्याने चालू करावे. डोंगलवाल्या प्रोग्रॅमची मूळ सीडी हाताशी आहे का, तेही पाहावे. अनेकदा ती नसते. तसे असेल तर विंडोज नव्याने टाकण्याचा विचार सोडून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करावी.

२) बोर्ड तपासावा. बोर्डावरील गोल कपॅसिटरची डोकी फुगली असतील तर त्या मशीनवर नवा पैसा घालू नये. तारीख वारंवार मागे जात असेल तर सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलावी. ती संपली की बायोस आपली मांडणी विसरतो आणि चांगली डिस्कही दिसेनाशी होते.

३) कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, मगच डिसमिस हातात घ्यावा. जुन्या मशीनला यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला सुमारे एकच एमबी जाते. म्हणजे १०० जीबीला सव्वा दिवसाच्या आसपास लागेल. यूएसबी २.० वर तेच काम तासाभरात होते. वेळ लागतो म्हणून ही पायरी गाळू नये.

४) नक्कल करताना दोन्ही डिस्कांवर चिठ्ठी चिकटवावी : ‘जुनी’ आणि ‘नवी’. नक्कल करण्याचे काम शक्यतो दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर करावे. क्लोनझिला हा प्रोग्रॅम त्यासाठी फुकट मिळतो. तो ‘कोठून’ आणि ‘कोठे’ असे दोन प्रश्न विचारतो. उत्तरांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरते आणि सारे काही पुसले जाते. पडद्यावरील मॉडेल व सिरीयल नंबर डिस्कवरील लेबलाशी जुळवून मगच होकार द्यावा.

५) मशीन बंद करून प्लग काढावा. नंतर पॉवरचे बटन एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीजही उतरवावी.

६) आयडीई असेल तर जंपर पाहावा. एका केबलवर दोन डिस्का असतील तर एक मास्टर, एक स्लेव्ह. ८० तारांच्या केबलवर निळे टोक बोर्डाला, काळे टोक मास्टरला, मधले करडे स्लेव्हला. केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे, म्हणजे बहुधा वीज लागते त्या बाजूला येते. काही डिस्कांना एकट्याने राहताना वेगळा जंपर लागतो. लेबलावरील आकृती पाहावी.

७) जुन्या एसएमपीएसला साटाची वीजवायर नसते, म्हणून कन्व्हर्टर लावतात. येथे पाच-पन्नास रुपये वाचवू नयेत. ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कन्व्हर्टर आतून तापून वितळल्याची आणि पेटल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसविलेली दिसते, असे घ्यावे.

८) डिस्क चार स्क्रूंनी बसवावी आणि जुन्या डिस्कचेच स्क्रू वापरावेत. लांब स्क्रू आतपर्यंत जाऊन इजा करतो. दोन डिस्कांमध्ये वाऱ्याला जागा सोडावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडाच्या भुशाजवळ किंवा भट्टीजवळ मशीन असेल तर पुढचा पंखा चालतो का हेही पाहावे.

९) पहिल्यांदा सुरू करताना नक्कल केलेली नवी डिस्क एकटीच जोडावी. दोन्ही एकदम जोडल्या तर विंडोज ड्राइव्हची अक्षरे बदलून बसते आणि मग प्रोग्रॅम उघडत नाहीत. डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जावे, ‘ऑटो’ आणि ‘एलबीए’ ठेवावे आणि माप बरोबर दिसते का पाहावे. एक सूचना कटाक्षाने पाळावी : बायोसमधील साटाचा ‘आयडीई’ आणि ‘एएचसीआय’ हा पर्याय जसा आहे तसाच ठेवावा. तो बदलला तर आधीचे एक्सपी किंवा विंडोज ७ निळा पडदा दाखवून थांबते.

१०) डिस्क फक्त साठवणीसाठी असेल तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ती तयार करावी. २ टीबीपर्यंत एमबीआर, त्यापुढे जीपीटी. फॉरमॅट एनटीएफएस ठेवावे. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि शूटिंगच्या फाइली तेवढ्या होतात. आजच्या बहुतेक डिस्का आतून ४,०९६ बाइटच्या मोठ्या खणांच्या असतात. एक्सपीने केलेले पार्टिशन त्यांच्याशी जुळत नाही आणि डिस्क रेंगाळते. म्हणून पार्टिशन विंडोज ७ किंवा पुढच्या मशीनवर करून आणावे.

पैसे बेताचे असतील तर मधला मार्गही आहे. १२० किंवा २४० जीबीची एसएसडी विंडोजसाठी आणि मोठी हार्ड डिस्क साठवणीसाठी. विंडोज ७ च्या मशीनला याने नवी तरतरी येते. आयडीईच्या मशीनला मात्र त्याचा पुरता लाभ मिळत नाही.

परीक्षा घेतल्याशिवाय माल ठेवू नये

मोठी डिस्क बसली, माप बरोबर दिसले, तरी काम संपले नाही. डिस्क भिंतीपलीकडे खरोखर चालते का, हे भरूनच कळते. ज्यांच्या प्रती अन्यत्र आहेत अशा शूटिंगच्या मोठ्या फाइली एकामागून एक कॉपी करीत राहाव्यात. १३७ जीबीची रेषा ओलांडावी आणि जमल्यास डिस्क पूर्ण भरावी. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू करावे आणि सर्वांत पहिल्यांदा टाकलेल्या दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात. त्या नीट चालल्या तर काटा फिरलेला नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम हेच काम आपोआप करतो. स्वस्तात मिळणाऱ्या, मोठा आकडा छापलेल्या नकली पेन ड्राइव्ह आणि डिस्काही याच परीक्षेत उघड्या पडतात. एक रात्र मशीन चालू ठेवावे लागेल. वर्षभराचा हिशेब जाण्यापेक्षा एक रात्र स्वस्त आहे.

ही परीक्षा पास होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये, विकू नये आणि दुसऱ्या मशीनला लावू नये. किमान तीन महिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारीख लिहून, कपाटात ठेवावी.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना दोन शब्द

आपल्या समाजातील अनेक तरुण कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाइकाची डिस्क हाती येते तेव्हा तिच्यातील खाती, घरचे फोटो, कागदपत्रे ही अमानत असते. गिऱ्हाइकाला न विचारता फॉरमॅट मारू नये. जुनी डिस्क त्याच्या हातात परत द्यावी. वापरलेली डिस्क विकताना ती वापरलेली आहे हे सांगून विकावी आणि बिलावर तसे लिहावे. जुन्या मशीनला २ टीबीच्या वरची डिस्क मागणाऱ्याला खरी अडचण समजावून सांगावी. एक विक्री कमी होईल, पण तोच गिऱ्हाईक पुढे चार जणांना घेऊन येईल.

मोठी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

मोठ्या डिस्कचा एक छुपा तोटा आहे. पूर्वी चार ठिकाणी विखुरलेले काम आता एका जागी येते आणि ती एक जागा गेली की सगळेच जाते. म्हणून डिस्क जितकी मोठी, तितकी दुसऱ्या प्रतीची गरज मोठी. मोठ्या डिस्कसाठी पैसे बाजूला काढताना तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या, बाहेरून जोडायच्या डिस्कचे पैसेही त्याच खर्चात धरावेत. दोन्हींचे पैसे जमत नसतील तर निम्म्या मापाच्या दोन घ्याव्यात. दुसरी डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी, म्हणजे आग, चोरी किंवा विजेचा लोळ एकाच वेळी दोन्ही नेणार नाही. बॅकअप घेऊन झाला की तिची वायर काढून टाकावी.

हिशेबाच्या बाबतीत तर हा कायद्याचाही प्रश्न आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने खाती आणि कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. ‘डिस्क उडाली’ हे उत्तर देण्याची वेळ येऊ नये.

आणखी एक खबरदारी. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची सर्वसाधारण सेवा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुने मशीन वजनकाटा, डिझाइन, बिलांची छपाई यांसाठी खुशाल वापरावे. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची कामे मात्र त्याच्यावरून करू नयेत. शक्य असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढूनच ठेवावी.

बसविण्याचे काम पूर्ण झाले की एका कागदावर पुढील गोष्टी लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा : डिस्कचे मॉडेल व सिरीयल नंबर, बसविल्याची तारीख, जंपर कोठे आहे, बायोसमध्ये काय ठेवले आहे, या बोर्डाची मर्यादा किती, आणि दुसरी प्रत कोठे आहे. पाच वर्षांनी मशीन उघडणारा माणूस कदाचित दुसराच असेल. आणि महिन्यातून एक दिवस ठरवून दुसऱ्या प्रतीवरील एखादे जुने बिल, एखादे डिझाइन उघडून पाहावे. ते उघडले तरच आपल्याकडे दुसरी प्रत आहे असे म्हणता येईल.